कॅडल्सफर्डच्या वळणावरचं पाणी

कॅडल्सफर्ड, श्रॉपशर
रविवार, दुपारचे दोन

प्रिय हेस्टरताई,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (खराखुरा घातला असता तर मला उठवायला दोन माणसं लागली असती, म्हणून कागदावरच घालतो आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की डॉक्टरांनाच समोर उभं करून व्यायाम शिकवतेस? चाळीस वर्षं शाळेची मुख्याध्यापकीण होतीस, तेव्हा दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते. माझं म्हणशील तर ठीक चाललं आहे. डाव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजतो आणि उतरतो. मांजर जाड झालं आहे, मी बारीक. झोप मात्र गेल्या बुधवारपासून उडाली आहे, आणि पत्राला कारणही तेच आहे.

येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता आमच्या घोड्यांच्या मैदानाची कमिटी बसणार आहे, आणि त्या बैठकीत एम्लिन प्रीसला कामावरून काढून टाकणार आहेत. एम्लिन म्हणजे मैदान राखणारा माणूस. गवत, पाणी, कुंपणं, उड्या मारायचे अडथळे, सगळं त्याच्या हाताखालचं. सत्तावीस वर्षं हा माणूस त्या गवताशी पोटच्या पोरासारखा वागला. राहायला घर आहे तेही मैदानाचंच, तिसऱ्या अडथळ्यामागे. म्हणजे नोकरी गेली की घर गेलं, बायको ऑल्विन आणि तिच्या कोंबड्यांसकट. थांब, पत्र बाजूला ठेवू नकोस! घोड्यांच्या शर्यतींचं नाव काढलं की तुझ्या कपाळाला आठ्या पडतात हे मला माहीत आहे. पण हा प्रश्न घोड्यांचा नाही, न्यायाचा आहे. आणि कमिटीचा अध्यक्ष कोण आहे, ठाऊक आहे? लायनल गार्बेट. तुझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून बाहीला नाक पुसायचा तोच. आज साठीचा झाला, ब्लेझर घालतो, पण तुझं नाव काढलं की अजून दोन्ही हात टेबलाखाली नेतो.

सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते तुझं तूच ठरवशील. (दोष एका माणसाचा नाहीच मुळी. दोष या देशातल्या अख्ख्या शर्यतींच्या धंद्याचा आहे, आणि हे मी आज सांगत नाही, वीस वर्षं कंठशोष करतो आहे.)

अगं, एके काळी शर्यतीला नाव असायचं. नदीचं, लढाईचं, एखाद्या खडूस उमरावाचं. गेल्या बुधवारच्या पत्रिकेत पहिल्या शर्यतीचं नाव काय छापलं होतं, सांगू? ‘पॅमआत्याला साठाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा शर्यत’. हो, असंच्या असं! कुणीही यावं, पैसे भरावेत आणि शर्यतीला आपल्या आत्याचं नाव द्यावं. दुसरी शर्यत तुंबलेली गटारं मोकळी करून देणाऱ्या कंपनीची. आणि बाबांनी मला खांद्यावर बसवून जी शर्यत पहिल्यांदा दाखवली होती, ती आता कवळी चिकटवायच्या डिंकाच्या नावाने धावते. बाबा असते तर तिथेच टोपी आपटली असती. (पॅमआत्या स्वतः बाई चांगली होती. साठीची वाटतही नव्हती. मला केकचा तुकडा दिला. पण मुद्दा तो नाही.)

आणि घोडे किती? चार! पूर्वी अठरा-अठरा घोडे पहिल्या अडथळ्याकडे सुटायचे, तेव्हा कठड्यावर ठेवलेल्या हातांना जमीन हादरलेली कळायची. चार घोड्यांची कसली शर्यत? ती सहल झाली. बाकीचे घोडे गेले कुठे म्हणशील, तर चांगले सगळे चार-पाच बड्या तबेल्यांत जमा झाले आहेत, आणि तिथे त्यांना लग्नातल्या चांदीच्या भांड्यांसारखं जपतात. वर्षातून दोनदा बाहेर काढायचं, पुसायचं, लोकांना दाखवायचं, परत कपाटात. उरलेल्यांना वाटून घ्यायला मात्र एका शनिवारी आठ-आठ मैदानांवर शर्यती ठेवतात. पंगती आठ वाढायच्या आणि शिजवायची एकच पातेली, दुसरं काय होणार?

प्रेक्षक बघशील तर तोंडात बोट घालशील. हल्ली शर्यतींनंतर गाण्याचा कार्यक्रम असतो. मैदानाच्या मधोमध स्टेज. गर्दी भरपूर, नाही म्हणत नाही, पण तोंडं सगळ्यांची स्टेजकडे आणि पाठी घोड्यांकडे. पोरं घोट्यापर्यंतच्या तंग विजारी घालून येतात, मोज्यांशिवाय, ऑक्टोबरात! पोरींच्या चपला तिसऱ्या शर्यतीनंतर पायांतून हातात. ऑगस्टमध्ये अशाच एका पठ्ठ्याने मला अदबीने विचारलं, “काका, हे घोडे कधी संपणार?” मी त्याला घोडे कधी संपणार ते सविस्तर सांगितलं. वीस मिनिटं सांगत होतो. मग तो म्हणाला, “मला फक्त बाथरूम कुठे आहे ते विचारायचं होतं, पण तुम्ही रागावलेले वाटलात म्हणून सोपा प्रश्न विचारला.” कपाळ माझं! आणि शनिवारी मोबाइलवर दोन पौंडांची पैज लावायला जावं, तर पैजा घेणारी कंपनी माझ्या पेन्शनचे कागद मागते. का, तर मी भिकेला लागू नये म्हणून. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला! उद्या कँटीनमध्ये मांस भरलेला पोर्क-पाय मागितला तर रक्त तपासून या म्हणतील.

पण या सगळ्यांत मोठा घोळ असतो जमिनीचा, आणि इथून पुढे नीट लक्ष देऊन वाच. शर्यतीआधी मैदानाची जमीन कशी आहे हे जाहीर करावं लागतं. कडक, चांगली, नरम, भिजकी, असे तिचे प्रकार. पण आमचे अधिकारी स्पष्ट बोलतील तर शपथ. ‘चांगली, कुठे कुठे नरम’. आता मला सांग, हे जमिनीचं वर्णन की जावयाचं? आणि जमीन चुकली तर घोड्याचा पाय जातो, ताई. आमच्या घोडीचा गेल्या वर्षी तसाच गेला. कडक जमिनीवर धावली आणि पायाची शीर दुखावून घेतली. विकार्स नॅप तिचं नाव, म्हणजे पाद्रीबुवांची डुलकी. धावतेही साधारण तशीच, पण चिखल दिसला की अंगात वारं संचारतं. आम्ही पबमधल्या वीस जणांनी मिळून घेतली आहे. विसाव्या हिश्श्यात मला डाव्या मागच्या पायाचा गुडघ्याखालचा भाग आला असं मी धरून चालतो, आणि दुखावली ती नेमकी त्याच पायाची शीर. त्यामुळे मी किती हळवा झालो असेन याची कल्पना कर. बारा महिने तिने विश्रांती घेतली, आणि बुधवारी पाचव्या शर्यतीत ती पुन्हा पहिल्यांदा धावणार होती.

मंगळवारी दुपारी तीन वाजता मी नेहमीसारखा मैदानाची फेरी मारायला गेलो. (आम्हा जुन्या सभासदांची ती रीतच आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी अख्खं मैदान पायी फिरायचं, ठिकठिकाणी छत्रीचं टोक जमिनीत खुपसायचं आणि मान हलवायची. आडवी हलवली तर जमीन वाईट, उभी हलवली तर आपण म्हातारे झालो.) तळ्याकडच्या वळणावर टोक आत जाईना. तीन आठवडे पावसाचा पत्ता नव्हता. एम्लिन तिथेच ट्रॅक्टरवर बसला होता. मी म्हटलं, “एम्लिन, हे वळण वाळलंय बघ, पार बिस्किट झालंय. पाणी सोड.”

“काल सोडलंय, मिस्टर बेडोज,” तो म्हणाला. “रात्री पाऊस आहे. आता आणखी सोडलं तर खालून घट्ट नि वरून साबण होईल. घोडे उभे राहायचे नाहीत.”

“पाऊस? आकाशात चिंधीएवढा ढग दाखव मला.”

“ऑल्विनच्या कोंबड्या सकाळपासून खुराड्याबाहेर आल्या नाहीत,” म्हणाला, आणि ट्रॅक्टर चालू करून पलीकडच्या बाजूला निघून गेला. घ्या! या देशात जातिवंत घोड्यांचे पाय कुणाच्या भरवशावर, तर कोंबड्यांच्या.

मग मी काय केलं? काही नाही. काय करणार? कँटीनमध्ये चहाला गेलो. तिथे कथबर्ट यॅप बसला होता. यॅप म्हणजे आमचा निवृत्त पोस्टमास्तर, माझा पन्नास वर्षांचा मित्र, आणि डोक्याने साफ गेलेला. मला म्हणतो, “अँब्रोज, खरं सांगू? शर्यती पूर्वीपेक्षा बऱ्या झाल्यात. बायका-पोरं येतात, स्वच्छ संडास झालेत.” ताई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शर्यतींचं मोजमाप संडासांनी? मी त्याला चार घोड्यांपासून सुरुवात करून पेन्शनच्या कागदांपर्यंत एकेक मुद्दा उलगडून सांगितला. त्याने मध्ये मध्ये “बरं” म्हणून आणखी चहा मागवला. घड्याळ मी पाहिलं नाही, पण एक तास चाळीस मिनिटं सहज झाली असतील. मग पाण्यासारखा पैसा ओतून बांधलेल्या त्या स्टेजच्या मुद्द्यावर मी आलो आणि बोलता बोलता एकदम मला काहीतरी आठवलं. वाक्य अर्धवट टाकून मी उठलो, सुजलेल्या अंगठ्यासकट जमेल तेवढं पळत बाहेर गेलो. (यॅप आता गावभर सांगत फिरतो की त्या वादात तो जिंकला. तसं नाही. मला फिरायला जायचं होतं.)

त्या रात्री पाऊस आला. कोंबड्यांचं बरोबर निघालं.

बुधवारी सकाळी तीन अधिकारी मैदान फिरले. एकाच्या हातात जमीन मोजायची ती नवी काठी, यंत्र बसवलेली. वळणावर आले, काठी टोचली, आकडा वाचला, ‘चांगली, कुठे कुठे नरम’ म्हणाले आणि नाश्त्याला गेले. मी कठड्याजवळून डोळ्यांत तेल घालून बघत होतो. मनात म्हटलं, हे शिकले-सवरलेले लोक, यांना कळलं नाही म्हणजे काही नसेलच. आता तूच सांग, तीन माणसं आणि एक यंत्र, आणि कुणालाही त्या गवताखाली साचलेलं पाणी दिसू नये? चूक कुणाची?

पॅमआत्याची शर्यत एक वाजता सुटली. चार घोडे, सांगितलंच आहे. पहिला वळणावरून नीट गेला. दुसऱ्याचे मागचे दोन्ही पाय एकदम बाहेर सरकले आणि तो कुशीवर आडवा झाला. त्याला चुकवायला गेलेला तिसराही घसरला. दोन्ही जॉकी फेकले गेले. एकाच्या खांद्याला मुका मार लागला आहे, बाकी बरा आहे. तिसरा घोडा लगेच उठला आणि कुंपणाशी जाऊन गवत खायला लागला. पण तो दुसरा, तपकिरी रंगाचा, चार-पाच सेकंद उठला नाही. ताई, मी जन्मात पुष्कळ घोडे पडलेले पाहिले आहेत. पण त्या चार-पाच सेकंदांत माझ्या पायांखालची जमीन गेली. यॅप शेजारी उभा होता, म्हणाला, “अरे, तू पांढराफटक पडलायस, बस खाली.” मग तो घोडा उठला, अंग झाडलं, लंगडला नाही, काही नाही. मी रडलो. यॅपला सांगितलं की डोळ्यांत वाळू गेली. (गवताच्या मैदानावर वाळू कुठून आली हे विचारण्याइतकी अक्कल त्याला नाही, हे माझं नशीब.)

शर्यती तिथेच रद्द झाल्या. तीन हजार माणसं घरी गेली. आमच्या घोडीला गाडीतून उतरवलंसुद्धा नाही. पॅमआत्या मेणबत्त्या लावलेला केक हातात धरून बक्षिसांच्या जागी एकटीच उभी होती, ते बघवत नव्हतं. शर्यतींवर देखरेख करणाऱ्या लंडनच्या मंडळाने कमिटीला खरमरीत पत्र पाठवलं आणि शर्यतींचे पुढचे सगळे दिवस काढून घेऊ अशी धमकी दिली. मग काय, कुणाचा तरी बळी हवाच. पाण्याचा मीटर उघडून बघितला, तर मंगळवारी दुपारी त्या वळणावर एक तास चाळीस मिनिटं पाणी चालू होतं म्हणे! (मीटरवर कसला विश्वास ठेवायचा? माझ्या घरचा गॅसचा मीटर बघ.) आणि पाण्याची जबाबदारी एम्लिनची, म्हणून दोषी एम्लिन. संपलं! त्याला विचारलं तेव्हा तो “लक्ष ठेवायला हवं होतं,” एवढंच म्हणाला. कुणी विचारलं का, की त्या पाण्याच्या चावीच्या पेटीला कुलूप का नाही? एम्लिन तीन वर्षं कुलूप मागतो आहे. कमिटीने दिलं नाही. स्टेज बांधलं, स्टेजला रंगीत दिवे लावले, पण दीड इंचाचं कुलूप परवडलं नाही! तिथून जाणारा-येणारा कुणीही ती चावी फिरवू शकतो. कुणीही! अगदी म्हातारा, पाय सुजलेला, घोड्यांवर जीव असलेला माणूससुद्धा. उदाहरणादाखल सांगतो.

म्हणून तुझ्याकडे मागणं हेच, की गार्बेटला एक पत्र लिही. त्या तुझ्या लाल शाईच्या पेनाने. निरपराध माणसावर खापर फोडणाऱ्यांना तू शाळेत काय शिक्षा द्यायचीस त्याची आठवण करून दे. एम्लिनसारखा माणूस घालवला तर कॅडल्सफर्डचं मैदान दोन वर्षांत घरं बांधणाऱ्यांच्या घशात जाईल, हे माझ्या नावाने लिहू नकोस, तुझ्या मनाने लिही.

तब्येत सांभाळ. शेजारच्या मिसेस गॉफला भेटलीस तर तिचा मुरंबा अजून संपलेला नाही असं सांग, म्हणजे ती आणखी पाठवणार नाही.

तुझा संतापलेला धाकटा भाऊ,
अँब्रोज

ता. क. गार्बेटला लिहिताना पाण्याच्या चावीचा मुद्दा फार ताणू नकोस. नैतिक बाजू जास्त मांड.

दुसरा ता. क. चावीचा मुद्दा मांडलासच, तर ‘कुणा अज्ञात हितचिंतकाने चांगल्या हेतूने’ असे शब्द वापर. ‘चांगल्या हेतूने’ च्या खाली रेघ ओढ.

तिसरा ता. क. (रविवार, संध्याकाळचे सहा.) पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. वरचं सगळं वाचून काढलं आणि लक्षात आलं की पाचवीत असताना काच मी फोडली नाही असं सांगणारं जे पत्र मी बाबांना लिहिलं होतं, ते अगदी असंच होतं. तेही तूच आधी वाचलं होतंस, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत आल्यावर माझ्याकडे बघितलं होतंस. तेव्हा तुला एव्हाना कळलं असणार.

ताई, पाणी मी सोडलं. एम्लिन ट्रॅक्टर घेऊन गेला आणि मला घोडीचा तो डावा पाय दिसायला लागला, बारा महिने बँडेजमध्ये गुंडाळलेला. मनात म्हटलं, दहा मिनिटं सोडू. दहा मिनिटांनी काय होतंय? एक घोट चहा घेऊन परत येऊन बंद करू. आणि मग त्या यॅपने संडासांचा विषय काढला. तिथे बसून जगातल्या सगळ्या निष्काळजी माणसांची मी नावानिशी यादी वाचत होतो, आणि पाणी वाहत होतं. कमिटीच्या ढिसाळपणाबद्दल वर जे जे लिहिलं आहे त्यातला एक शब्दही मागे घेत नाही, फक्त जिथे जिथे कमिटी आहे तिथे माझं नाव घाल. संध्याकाळी चावी बंद केली आणि गवत वरून कोरडं दिसलं म्हणून घरी गेलो. सकाळी त्या तीन अधिकाऱ्यांना दोन शब्द सांगितले असते तर शर्यत थांबली असती. नाही सांगितले. घोडीचा हिस्सेदार असून मैदानाच्या पाण्याला हात लावला म्हणजे मला जन्माची मैदानबंदी, हे मला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर दुसरं केलंय काय मी? तिथे जायचं, कठड्याला टेकायचं आणि कुरकुर करायची. ते गेलं तर मी करू काय, असं वाटलं. एका माणसाच्या घरापेक्षा मला माझी कुरकुर मोठी वाटली. लाज वाटते लिहायला.

तेव्हा गार्बेटला पत्र लिहू नकोस. काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चौथा ता. क. (सोमवार, सकाळचे अकरा.) हे पत्र पेटीत टाकायला निघालो तर फाटकात एम्लिन उभा. डोक्यावरची टोपी हातात. मला वाटलं, आता हा बोलणार. तो बोलला, पण भलतंच.

म्हणाला, “मिस्टर बेडोज, तुम्ही जुने सभासद. माझ्याबद्दल दोन ओळी लिहून द्याल का? कामाला बरा आहे, एवढंच. हेरेफर्डकडे एका शाळेला क्रिकेटच्या मैदानासाठी माणूस हवाय. ऑल्विन म्हणते, विचारून तर बघा.”

क्रिकेटचं मैदान, ताई! एम्लिन! मी म्हटलं, “एम्लिन, पाणी मी सोडलं होतं.”

“हो,” तो म्हणाला. “माहीत आहे मला.”

मग तो सांगायला लागला, अगदी हळू, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून. “मी पलीकडे ट्रॅक्टरवर होतो ना, तिथून दिसलात तुम्ही. दोन्ही हातांनी चावी फिरवत होतात. मला वाटलं, काल माझ्याकडून नीट बंद झाली नसेल, थेंब थेंब गळत असेल, ते बघून तुम्ही बंद करताय. म्हटलं, मिस्टर बेडोज आहेत ना, मग परत जाऊन बघायला नको.”

“मग कमिटीला का नाही सांगितलंस, गाढवा?” (मी त्याला गाढव म्हटलं. मी! त्याला!)

“बघायला तर मीच जायला हवं होतं. काम माझं होतं.” मग टोपी या हातातून त्या हातात केली. “आणि वाटलं, तुम्हीच सांगाल. रोज वाटत होतं, आज सांगतील.”

मी त्याला दोन ओळी लिहून दिल्या नाहीत. गुरुवारी देतो म्हटलं, सगळ्यांसमोर. तो बरं म्हणाला आणि निघून गेला. जाताना माझं फाटक नीट लागत नाही हे बघून, बिजागरी वर उचलून लावून गेला.

तर आता खरं मागणं. गुरुवारी सकाळी नऊ वाजता तुझी गाडी घेऊन ये. गुडघा दुखत असेल तर त्याला घेऊन ये. मला वाचवायला नको येऊस, माझ्या बाजूने एक अक्षर बोलू नकोस, गार्बेटकडे डोळे वटारूनही बघू नकोस. बिचाऱ्याला नीट ऐकू दे. फक्त माझ्या शेजारच्या खुर्चीत बस. ‘पाणी मी सोडलं, एम्लिन प्रीसचा काही दोष नाही,’ एवढं एकच वाक्य मला बोलायचं आहे. तो गेल्यापासून आरशासमोर उभा राहून म्हणून बघतो आहे, आणि दर वेळी ते संपायच्या आत मी कुलुपावर येतो, कुलुपावरून स्टेजवर, आणि स्टेजवरून संडासांवर. तेव्हा तू एवढंच कर, की ते वाक्य पुरं झालं रे झालं की माझा कोट धरून मला खाली ओढ.

अँब्रोज